नाशिकहून बॅरोसाला : वाइनच्या एका हंगामासाठी परदेशी जाताना

नाशिकच्या वायनरीत दोन-तीन हंगाम काढलेल्या माणसाला कधीतरी वाटू लागते, की दुसऱ्या मातीतली द्राक्षे आणि दुसऱ्यांची काम करण्याची रीत एकदा डोळ्यांनी पाहून यावी. जगभरातील तरुण वाइनमेकर हेच करतात. एक हंगाम उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिण गोलार्धात असे करत ते चार-पाच वर्षे फिरतात आणि मग कुठेतरी स्थिरावतात. आपल्याकडून असे जाणाऱ्यांची संख्या अजून कमी आहे. त्याचे कारण कौशल्याचा अभाव हे नसून, काय केव्हा करायचे याचा हिशोब कोणी नीट मांडून दाखवत नाही, हे आहे. येथे तो हिशोब ऑस्ट्रेलियातील बॅरोसा खोऱ्यापुरता मांडला आहे. हे खोरे अ‍ॅडलेडच्या ईशान्येस सुमारे ७० किलोमीटरवर आहे. नाशिकमध्ये ज्या शिराझवर आपण हात बसवलेला असतो, तीच तिथली मुख्य जात आहे आणि १८४३ साली लावलेल्या तिच्या वेली तिथे आजही फळ देतात.

आधी पंचांग, मग पासपोर्ट

सर्वांत मोठी अडचण व्हिसाची नसून वेळेची असते. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळासाठी) होते आणि वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्च या काळात वायनरीत येतात. बॅरोसात वेल थंडीत पूर्ण झोपते, जून ते ऑगस्टच्या दरम्यान एकदाच छाटली जाते आणि तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. म्हणजे दोन्हीकडचे हंगाम जवळजवळ एकमेकांवर चढतात. तिकडे जायचे तर इथला एक हंगाम सोडावा लागतो, आणि ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करता त्याला हे डिसेंबरात सांगणे म्हणजे पाहुणे पंगतीला बसल्यावर आचाऱ्याने निघून जाण्यासारखे आहे. आदल्या पावसाळ्यातच बोलून घ्यावे. परत आल्यावर जागा मिळेल का, हेही त्याच बैठकीत विचारावे.

इथला हंगाम सोडणे शक्यच नसेल, तर उत्तर गोलार्धाचा विचार करावा. कॅलिफोर्नियात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये असते आणि त्या वेळी नाशिकच्या तळघरात फारशी घाई नसते. तिथे जाण्याचा रूढ मार्ग म्हणजे जे-१ हा प्रशिक्षणाचा व्हिसा. त्यासाठी अमेरिकी सरकारने मान्य केलेली प्रायोजक संस्था आणि कामाचा लेखी प्रशिक्षण आराखडा लागतो. पदवीनंतर वर्षाच्या आत असाल तर ‘इंटर्न’ म्हणून आणि पदवीसोबत किमान एका वर्षाचा अनुभव असेल तर ‘ट्रेनी’ म्हणून जाता येते. तो स्वतंत्र विषय आहे. इथून पुढे आपण बॅरोसाच्या वाटेवरच राहू.

व्हिसा

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला. त्यातील तरतुदीनुसार भारतीय तरुणांना ‘वर्क अँड हॉलिडे’ म्हणजे उपवर्ग ४६२ हा व्हिसा सप्टेंबर २०२४ पासून मिळू लागला. वर्षाला एक हजार जागा असतात, मागणारे त्याहून कितीतरी अधिक असतात आणि त्यामुळे निवड सोडतीने होते. सोडतीची नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाच्या संकेतस्थळावर ठरावीक दिवसच खुली असते. तिचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर असून नाव न लागल्यास ते परत मिळत नाही. अर्जदाराचे वय १८ ते ३० असावे, बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण झालेले असावे आणि कामापुरते इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा. आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५ गुण त्यासाठी पुरतात. परतीच्या तिकिटाव्यतिरिक्त खात्यावर साधारण पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात.

सोडतीत नाव लागल्यावर प्रत्यक्ष अर्ज करायला २८ दिवसच मिळतात आणि इथेच अनेकांची धावपळ होते. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलीस पडताळणीचा दाखला, बँकेचे विवरण, पदवीचे कागद आणि भाषेच्या परीक्षेचा निकाल हे सगळे नाव लागण्याची वाट न पाहता आधीच जमवून ठेवावे. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून आले आहे आणि पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापले आहे, हा आपल्याकडचा नित्याचा घोळ आहे. त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र करून ठेवले, की पुढची पत्रापत्री वाचते. छातीचा एक्स-रे मागितला जाऊ शकतो. तो केवळ नेमून दिलेल्या डॉक्टरांकडेच काढावा लागतो, घराजवळच्या दवाखान्यातला चालत नाही.

सोडत म्हणजे सोडत. नाव न लागल्यास खचून जाऊ नये आणि कोणी ‘आमच्या ओळखीने नाव लावून देतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. अशी ओळख अस्तित्वात नसते. दुसरा मार्ग उपवर्ग ४०७ या प्रशिक्षण व्हिसाचा आहे. त्यात वायनरीला स्वतः प्रायोजक व्हावे लागते. त्यामुळे तुमचा अनुभव भक्कम असेल आणि एखाद्या वाइनमेकरला तुम्ही खरोखर हवे असाल, तरच तो जमतो.

काम मिळवणे

वायनऱ्या फेब्रुवारीतल्या माणसांची भरती आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून सुरू करतात आणि नोव्हेंबरपर्यंत बहुतेक जागा भरलेल्या असतात. ज्या पदावर तुम्ही जाणार, त्याला तिकडे ‘व्हिंटेज सेलर हँड’ म्हणतात. प्रयोगशाळेचा हात असेल तर ‘लॅब असिस्टंट’ म्हणूनही अर्ज करता येतो. अर्ज थेट वायनरीच्या पत्त्यावर करावा. मोठ्या कारखान्यात एका हंगामात हजारो टन द्राक्षे दळली जातात आणि तिथे तुम्ही तीन महिने एकच यंत्र चालवत राहू शकता. लहान वायनरीत तोडणीपासून पिंपापर्यंत सगळे करायला मिळते, पण पाठही तितकीच दुखते. पहिल्या खेपेला मध्यम आकाराची जागा पाहावी, असे माझे मत आहे.

बायोडेटा दोन पानांच्या वर जाऊ देऊ नये. त्यात ‘मेहनती व होतकरू’ असे काही लिहिण्यापेक्षा कोणत्या हंगामात, किती टनांच्या वायनरीत, कोणता प्रेस आणि कोणता पंप चालवला, एका टाकीची क्षमता किती होती, हे लिहावे. वाचणारा स्वतः तळघरातून वर आलेला असतो आणि त्याला आकडे वाचता येतात. दूरध्वनीवरच्या मुलाखतीत साधे हिशोब विचारले जातात. उदाहरणार्थ, दहा हजार लिटरच्या टाकीत लिटरमागे ३० मिलिग्रॅम गंधकाचा डायऑक्साइड वाढवायचा, तर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किती घ्यायचे? लागणारा वायू ३०० ग्रॅम, आणि या पावडरीतून वजनाच्या सुमारे ५७ टक्के वायू मिळतो, म्हणून सुमारे ५२० ग्रॅम पावडर. हे तोंडी जमले पाहिजे. आपण साखर ब्रिक्समध्ये मोजतो आणि तिकडे बोमेमध्ये मोजतात. एक बोमे म्हणजे साधारण १.८ ब्रिक्स, त्यामुळे १३ बोमे ऐकले की मनात २३.४ ब्रिक्स उमटले पाहिजे. बोमेची सोय अशी, की तो आकडा वाइनमध्ये पुढे होणाऱ्या मद्यार्काच्या टक्केवारीच्या जवळपास असतो.

नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. भारतातून परदेशी माणसे पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते आणि ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. दिंडोरीकडच्या एका मुलाला ‘बागेत सुपरवायझर’ म्हणून नेतो असे सांगून एका एजंटाने आगाऊ रक्कम घेतली आणि नंतर फोन उचलणे बंद केले, हे मी जवळून पाहिले आहे. त्याने करारपत्र म्हणून जो कागद दिला होता, त्यावर वायनरीचा पत्ताच नव्हता.

प्रवास आणि बुटांची माती

भारतातून अ‍ॅडलेडला थेट विमान नाही. मुंबईहून सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे जाणे सोपे पडते. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास आणि पुढचा टप्पा साडेसहा-सात तासांचा असतो. मधला मुक्काम आणि नाशिक ते मुंबई विमानतळ हा प्रवास धरला, तर दारातून दारात पोहोचायला पूर्ण दिवस मोडतो. कसारा घाटात ट्रक आडवा झाला की काय होते ते सांगायला नको, म्हणून निघताना दोन तास जास्तीचे धरावेत. तिकीट संपूर्ण प्रवासाचे एकाच बुकिंगवर घ्यावे. दोन वेगळी तिकिटे स्वस्त दिसतात, पण मग मधल्या देशात सामान ताब्यात घेऊन पुन्हा चढवावे लागते, त्यासाठी तिथला व्हिसा लागू शकतो आणि पहिले विमान उशिरा पोहोचले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. काम सुरू होण्याच्या किमान चार-पाच दिवस आधी पोहोचावे. बँकेचे खाते, सिमकार्ड आणि झोपेची घडी बसायला तेवढे लागतात.

सामान भरताना एका गोष्टीकडे इतर सर्वांहून अधिक लक्ष द्यावे, ती म्हणजे माती. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या द्राक्षबागांत फायलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड अजून पोहोचलेली नाही. ऑस्ट्रेलियात ती १८७७ साली व्हिक्टोरियातील जिलाँगजवळ सापडली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १८९९ मध्ये स्वतंत्र कायदा करून तिला रोखले आणि म्हणूनच बॅरोसातील जुन्या वेली कलम न करता स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. युरोपात या किडीने एकोणिसाव्या शतकात बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या, हे द्राक्षाच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असते. तिथला माणूस तुमच्या बुटाकडे जे पाहतो, ते या इतिहासातून पाहतो.

बागेत वापरलेले बूट, छाटणीच्या कात्र्या, हातमोजे यांतले काहीही शक्यतो नेऊ नये. नेलेच तर तळव्याच्या खाचांतून दातकाडीने माती काढून धुऊन वाळवावे आणि विमानात मिळणाऱ्या कार्डावर ‘शेतावर गेलो होतो’ या प्रश्नापुढे खरे उत्तर लिहावे. पहिल्या खेपेस माझे बूट घरी दोनदा धुतलेले होते. तरीही विमानतळावरच्या अधिकारी बाईंनी टाचेच्या शिवणीतून नखाएवढी काळी माती काढून मला दाखवली, बूट आत नेले आणि दहा मिनिटांनी ओले करून परत आणून दिले. मी कार्डावर लिहिले होते म्हणून प्रकरण तिथेच मिटले. लपवल्यास मोठा दंड होतो आणि व्हिसा रद्दही होऊ शकतो. वायनरीत पोहोचल्यावर बागेत शिरण्याआधी बूट दोन टक्के क्लोरीनच्या द्रावणात मिनिटभर बुडवण्याची सवय लावतात. ते टाळू नये आणि त्यावर हसूही नये.

खाण्याच्या वस्तूंनाही हाच नियम आहे. पेढे, बर्फी, तूप, कढीपत्ता, ताजी फळे, मोडाची कडधान्ये घरीच ठेवावीत. कंपनीच्या बंद पाकिटातला गोडा मसाला किंवा चटणी बहुधा जाते, मात्र तीही जाहीर करावी. आईने डब्यात भरून दिलेल्या दिवाळीच्या फराळाचे काय होणार, ते त्या टेबलावर ठरते, म्हणून तो डबा भरण्याआधीच तिची समजूत काढलेली बरी.

कपड्यांत दोन टोके सांभाळावी लागतात. फेब्रुवारीत दुपारी पारा चाळिशीला पोहोचतो आणि रात्री तळघरात पाण्यात उभे राहून हुडहुडी भरते. लोकरीचे मोजे चार जोड न्यावेत. पोलादी टोकाचे सुरक्षा बूट तिथेच घ्यावेत, कारण ते त्यांच्या मानकाचे असावे लागतात आणि नवे असल्याने मातीचा प्रश्नही उरत नाही. आपले वाहन परवाने इंग्रजीत असल्याने चालतात आणि गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. बॅरोसात बस क्वचित मिळते आणि गाडीवाचून अडते. मात्र फोर्कलिफ्टला तिथला वेगळा परवाना लागतो. नाशिकला दहा वर्षे चालवली असली तरी तो नसताना हात लावू नये.

तळघरातले काम

आपल्याकडे वाइन बनवण्याच्या कल्पनेला जो वास आणि जी रंगत चिकटली आहे, तिच्यापैकी फार थोडे पहिल्या महिन्यात वाट्याला येते. बारा तासांच्या पाळीतले निम्म्याहून अधिक तास धुण्यात जातात. टाकी रिकामी झाली की आधी पाणी, मग कॉस्टिक, पुन्हा पाणी, मग सायट्रिक आम्ल आणि शेवटी पुन्हा पाणी, हा क्रम झोपेतही चुकता कामा नये. द्राक्षे बहुधा रात्री यंत्राने तोडतात, कारण तेव्हा मणी थंड असतात. त्यामुळे पहाटे तीन वाजता ट्रक येणे हे नेहमीचे असते. संध्याकाळी सहाला पाळी सुरू होते तेव्हा नाशिकला दुपारचा एक वाजलेला असतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात आणि हा फरक पाचाऐवजी चार तासांचा होतो. घरी फोन करण्याची वेळ आधीच ठरवून घ्यावी, नाहीतर आई रात्री एक वाजता जागी बसते.

पंप सुरू करण्यापूर्वीचा एक नियम मी कोणालाही सगळ्यांत आधी सांगतो. ज्या टाकीतून रस निघणार तिथून ज्या टाकीत जाणार तिथपर्यंत नळीवर हात ठेवून चालत जायचे, प्रत्येक झडप उघडी आहे की बंद हे बोटाने पाहायचे, टाकीचा क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि मगच बटण दाबायचे. एकसारख्या चाळीस टाक्या रांगेत असतात आणि जमिनीवर सहा नळ्या एकमेकींवरून गेलेल्या असतात. माझ्या हातून एकदा खालची एक झडप उघडी राहिली आणि काही शे लिटर जांभळा रस गटारात गेला. मालक ओरडला नाही. त्याने फक्त नळी उचलून माझ्या हातात दिली आणि सुरुवातीपासून चालायला लावले.

लाल वाइनच्या टाकीत साले वर तरंगून जाड थर होतो. तो ओला ठेवण्यासाठी खालचा रस पंपाने वर फिरवतात. पहाटेच्या पाळीत तीस टाक्यांना प्रत्येकी वीस मिनिटे असा तो रतीब चालतो. टाकीच्या तोंडाशी वाकून पाहण्याचा मोह आवरावा. आंबताना रसाच्या घनफळाच्या चाळीस पटींहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो हवेहून जड असल्याने टाकीत आणि तळघराच्या खोल भागात साचून राहतो, आणि त्याला वास नसतो. आत कोणी कोसळले, तरी एकट्याने आत उतरायचे नाही. मदतीला उतरलेला माणूसही त्यातच दगावतो, अशा घटना या धंद्यात वारंवार घडल्या आहेत. लेखी परवानगी, वायूमापक आणि बाहेर उभा असलेला दुसरा माणूस या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय रिकाम्या टाकीतही पाय ठेवू नये. घाई आहे म्हणून कोणी आग्रह केला, तर सरळ नाही म्हणावे. त्यासाठी कोणी कामावरून काढत नाही आणि काढलेच तर त्या जागी राहण्यात अर्थ नव्हता. दमा असेल तर गंधकाच्या कामाबद्दल पहिल्याच दिवशी सांगावे.

भाषेची अडचण आली, तर ती पुस्तकी इंग्रजीची नसते, वॉकी-टॉकीवरच्या तुटक ऑस्ट्रेलियन बोलण्याची असते. सूचना ऐकली की ती शब्दशः परत म्हणून दाखवावी. त्यात कमीपणा नाही, जुनी माणसेही तसेच करतात. तिथे मालकालाही पहिल्या नावाने हाक मारतात. ‘सर’ म्हटले की तो आपल्या मागे कोण उभे आहे ते वळून पाहतो.

पैसा

१ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाले आणि हंगामी, म्हणजे ‘कॅज्युअल’ कामगाराला त्यावर २५ टक्के अधिक मिळतात. दर वर्षी जुलैत हा दर बदलतो. याहून कमी कोणी देत असेल, तर फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते आणि व्हिसावर आलेल्या माणसालाही तो हक्क आहे. पोहोचल्यावर कर क्रमांक विनामूल्य काढावा. तो नसल्यास सर्वांत वरच्या दराने कर कापतात. एरवी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसावर ४५ हजार डॉलरपर्यंत १५ टक्के लागतो. मालक निवृत्ती निधीत वेगळी रक्कम भरतो. देश सोडल्यावर ती परत मागता येते, पण तिच्यातून ६५ टक्के कर जातो, म्हणून तिच्या भरवशावर घरच्या कर्जाचा हप्ता ठरवू नये. आरोग्य विमा स्वतः काढावा, कारण तिथली सरकारी आरोग्यसेवा आपल्याला लागू होत नाही. कामावर झालेली दुखापत मात्र मालकाच्या विम्यात येते आणि ती त्याच दिवशी नोंदवून घ्यावी.

परतताना

शेवटच्या आठवड्यात वाइनमेकरकडून कामाचे पत्र मागून घ्यावे. हंगाम संपला की तो दोन आठवडे झोपतो आणि मग त्याचे उत्तर येत नाही. रोज कोणत्या टाकीत काय केले, बोमे आणि तापमान किती होते, याची खिशातली वही जपून आणावी. पुढच्या वर्षी नाशिकच्या उन्हात शिराझ लवकर पिकू लागेल, तेव्हा तीच वही उघडाल. शुल्क न भरता दोन लिटर वाइन भारतात आणता येते.

एक गोष्ट मात्र आणू नये. निघण्याआधी ओझर-पिंपळगावकडचा कोणीतरी बागायतदार हमखास म्हणतो, ‘येताना त्या जुन्या वेलीची दोन डोळ्यांची काडी घेऊन ये, पिशवीत कोणाला दिसते?’ भारतात द्राक्षाची काडी आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि नंतर ती देखरेखीखाली वेगळी वाढवावी लागते, कारण तिच्यातून विषाणू येतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्याला पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा पत्ता द्यावा. आणि मुंबईला उतरून घरी पोहोचल्यावर, स्वतःच्या बागेत जाण्याआधी, बूट पुन्हा एकदा धुवावेत.